मीठ, साखर आणि पटकी: एका वाहक प्रथिनाचा इतिहास

१/ रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा रस्ता आरे-वारे येथे समुद्राला बिलगून जातो. समोरच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार. ते प्यायल्यास तहान वाढते. मात्र हेच मीठ अल्प प्रमाणात साखरेसह पाण्यात मिसळले, तर पटकीचा (कॉलऱ्याचा) रुग्ण मरणाच्या दारातून परत येतो. यामागील कोडे १९६० पर्यंत सुटले नव्हते.

२/ १८१७ मध्ये बंगालमधील जेसोर येथे पटकीची मोठी साथ उसळली. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांना शरण गेला आणि त्याच पावसाळ्यात ही साथ मुंबईत पोहोचली. सत्तांतराच्या वर्षीच महाराष्ट्राने हे संकटही पाहिले.

३/ पटकीत मृत्यू ओढवतो तो मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. तरीही त्या काळचे युरोपीय डॉक्टर रुग्णाचे रक्त काढत, पाऱ्याची संयुगे आणि अफूचा अर्क देत. लोक जरीमरीला नवस बोलत. नवसाने निदान रुग्णाचे रक्त तरी कमी होत नव्हते!

४/ १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या थॉमस लाटा यांनी शिरेतून क्षारयुक्त पाणी दिले. दिशा योग्य होती. पण त्यासाठी सुई, निर्जंतुक द्रव आणि प्रशिक्षित हात हवेत. साथीत नेमके तेच दुर्मीळ. तोंडाने दिलेले साधे पाणी तर टिकत नसे.

५/ ऑगस्ट १९६०, प्राग. रॉबर्ट क्रेन यांनी मांडले की आतड्यात साखर आणि सोडियम एकत्रच पेशीत शिरतात. पेशीचा पडदा मेदाचा असतो. मीठ-साखर त्यातून आपोआप पार होत नाही. पडद्यात रोवलेले वाहक प्रथिन आतड्याच्या पोकळीकडे उघडते, सोडियमचे दोन आयन व ग्लुकोजचा एक रेणू धरते, आकार बदलते आणि पेशीच्या आत उघडून ओझे सोडते. पाणी त्यांच्यामागोमाग जाते.

६/ हे प्रथिन स्वतः इंधन जाळत नाही. पेशीच्या दुसऱ्या बाजूचा पंप सोडियम सतत बाहेर फेकतो, म्हणून आत सोडियमची कमतरता राहते आणि त्या ओढीने साखरही आत येते. हा पंप डेन्मार्कच्या जेन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये उजेडात आणला.

७/ कळीचा मुद्दा असा: पटकीचे विष पेशीला क्लोराइड व पाणी बाहेर सोडायला भाग पाडते, पण हा वाहक शाबूत राहतो. एक दार वाहते असताना दुसरे आत घेतच असते. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश यांनी ग्लुकोज-क्षारांचे द्रावण तोंडाने देऊन त्याचा उपयोग दाखवला.

८/ खरी कसोटी लागली १९७१ मध्ये, बनगावच्या निर्वासित छावणीत. सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे द्रावण पिंपांतून दिले. ते पाजायला रुग्णांचे नातलगही पुढे आले. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

९/ कोकणात आजाऱ्याला मीठ घातलेली पेज देतात. तांदळातील पिष्टाचे आतड्यात ग्लुकोज होते आणि त्याला हाच वाहक लाभतो. म्हणून ‘हे आपल्याला आधीच ठाऊक होते’ असे म्हणावे का? नाही. पेजेमागे अनुभव होता. मोजमाप नव्हते, आणि पटकीत निघून गेलेले पाणी लिटरागणिक भरून काढण्याची पद्धतही नव्हती.

१०/ आजच्या ओआरएसच्या एका लिटरात २.६ ग्रॅम मीठ व १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. सोबत पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. पुडी स्वस्त आहे, पण तिच्यातील प्रमाण दीडशे वर्षांच्या मृत्यूंनंतर हाती आले आहे. ते दार १८१८ च्या रुग्णांतही होते. फक्त ते कोणाला ठाऊक नव्हते.