तळटीप : नैसर्गिक नियम

नैसर्गिक नियम : ईश्वराच्या शाश्वत नियमात मनुष्य विवेकबुद्धीने सहभागी होतो, तो सहभाग म्हणजे नैसर्गिक नियम, अशी मांडणी संत थॉमस अक्वायनस (मृत्यू १२७४) यांनी केली असून, सत्कर्म करावे व दुष्कर्म टाळावे, हे त्याचे आद्य सूत्र होय. हा नियम केवळ श्रद्धेवर नव्हे, तर बुद्धीवर उभा असल्याने तो ख्रिस्तेतरांनाही बांधतो, असे चर्च मानते. म्हणूनच १९६४ मध्ये मुंबईस येऊन गेलेल्या पोप सहावे पॉल यांनी १९६८ च्या ‘हुमाने वीते’ या परिपत्रकात कृत्रिम संततिनियमन याच आधारे निषिद्ध ठरवले. परिणामी, सरकारी कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाने पुरस्कारलेला निरोध मालाडच्या ऑर्लेम धर्मग्रामातील दांपत्यासही वर्ज्य ठरतो. सबळ कारण असल्यास ऋतुचक्रातील गर्भधारणाक्षम दिवस टाळणे मात्र अनुज्ञेय राहते, कारण त्यात निसर्गक्रमास अडथळा आणला जात नाही.