आगगाडीचें घड्याळ आणि मुंबईकर



मुंबईच्या उपनगरांत राहणारा नोकरदार आपली गाडी मिनिटानें ओळखतो. "आठ सतरा चुकली" एवढें म्हटलें कीं घरांतील सर्वांस त्याचा पुरा अर्थ कळतो. मिनिटाची ही सत्ता मुंबईनें सुखासुखीं मान्य केलेली नाहीं. त्या कलहाची हकीकत आज सांगावयाची आहे.

ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास उतारूंची पहिली आगगाडी गेली. ती त्या वेळीं नवलाचीच वस्तु होती. १८६७ सालीं विरार ते बॅकबे अशी गाडी सुरू झाली, तेव्हां उपनगरांतून शहरांत येण्याजाण्याची सोय झाली. येथेंच एक अडचण उभी राहिली. सूर्य मद्रासेस आपल्यापेक्षां सुमारें अर्धा तास आधीं माथ्यावर येतो. मुंबईचीं घड्याळें अर्थात् तितकींच मागें असत. परंतु देशभर पसरलेल्या लोहमार्गांना गांवोगांवची निराळी वेळ परवडेना, म्हणून त्यांनीं मद्रासची वेळ धरली. शहरांत साडेनऊ वाजले कीं स्टेशनांत दहा! ज्यास गाडी गांठावयाची त्यानें हा हिशेब मनांत बाळगावा, नाहीं तर फलाटावर उभें राहून तिचा धूर पाहावा.

१८८१ सालीं सरकारनें आपल्या कचेऱ्यांतहि मद्रासची वेळ आणून पाहिली. नागरिकांस ती रुचली नाहीं, व १८८३ सालीं ती मागें घ्यावी लागली. पुढें १ जानेवारी १९०६ पासून सर्व हिंदुस्थानाकरितां एक प्रमाणवेळ ठरली. ती मुंबईच्या वेळेपेक्षां ३९ मिनिटें पुढें होती. याचा खरा जाच कोणास झाला? मुंबईंतील एका कापडगिरणीच्या कामगारांनीं त्याच महिन्यांत निषेध केला. घड्याळाचा कांटा पुढें सरला, पण सूर्य कांहीं लवकर उगवेना. जुन्याच ठोक्याला हजर राहावयाचें म्हणजे अंधारांत घर सोडणें आलें. शाळामास्तरास घड्याळाचा पक्षपात असणें स्वाभाविक आहे, तरी मला या तक्रारींत केवळ हट्ट दिसत नाहीं. म्युनिसिपालिटीनेंहि मुंबईची वेळ सोडली नाहीं. १९४७ नंतरहि कांहीं वर्षें तो मान तिनें राखला.

आगगाडीनें मात्र कोणाचेंच ऐकलें नाहीं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धांवूं लागली. वाफेच्या इंजिनापेक्षां ती थांबून चटकन् वेग घेई. त्यामुळें एकीच्या मागें दुसरी सोडणें सोपें झालें, आणि पांचदहा मिनिटांच्या हिशेबाला किंमत आली.

ट्रामचा स्वभाव याहून अगदीं निराळा. ९ मे १८७४ रोजीं ती प्रथम घोड्यांनीं ओढली; १९०७ पासून विजेवर चालली. १५ जुलै १९२६ पासून अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट बसगाडी निघाली, तरी ट्रामचा उतारू तिला सोडून गेला नाहीं. ट्रामला कोणी "आठ सतरा" म्हटल्याचें मीं ऐकलें नाहीं. एक गेली तर मागून दुसरी येई, आणि म्हातारें माणूस सावकाश पाय टेकून चढे. ३१ मार्च १९६४ च्या रात्रीं शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरला गेली, तेव्हां तिला निरोप देण्यास वाटेंत दुतर्फा लोक उभे होते.