नव्या पिढीची मेमरी केव्हा स्वीकारावी? टिफ्रॅकची कथा

१/ डीडीआर-४ वर भागवावे की डीडीआर-५ घ्यावी, हा प्रश्न आज संगणक जुळवणाऱ्या प्रत्येकाला पडतो. १९५४ च्या सुमारास मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेपुढेही तो उभा होता. भारतातच आरेखित होणाऱ्या पहिल्या पूर्ण क्षमतेच्या संगणकाला मेमरी कोणती द्यावी?

२/ पहिला पर्याय चुंबकीय ड्रमचा. तो स्वस्त होता. मात्र हवी ती नोंद फिरत फिरत वाचनशीर्षाखाली येईपर्यंत यंत्राला थांबावे लागे. १९५५ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत ब्रिटनहून आलेला एचईसी-२एम ड्रमवरच चालत असे.

३/ दुसरा पर्याय विल्यम्स ट्यूबचा. दूरचित्रवाणीच्या पडद्यासारख्या नळीवर विद्युतभाराचे ठिपके उमटवून त्यांत माहिती ठेवली जाई. वेग उत्तम होता, पण ठिपके क्षणार्धात विरत आणि सतत पुन्हा उमटवावे लागत. प्रिन्स्टनचा प्रसिद्ध संगणक याच नळ्यांवर चाले.

४/ तिसरा पर्याय अगदी नवा होता: फेराइट कोअर. तारांच्या जाळीत ओवलेली चिमुकली चुंबकीय कडी. तिच्या चुंबकत्वाची दिशा म्हणजे ० किंवा १. वीज गेली तरी नोंद टिके. मात्र प्रत्येक बिटासाठी एक कडी लागे.

५/ या नव्या पिढीची परीक्षा मात्र झाली होती. १९५३ मध्ये एमआयटीच्या ‘व्हर्लविंड’ संगणकाला जे फॉरेस्टर यांच्या चमूने कोअर मेमरी बसवली. मेमरीच्या देखभालीला पूर्वी दररोज चार तास लागत. ते आठवड्याला दोन तासांवर आले.

६/ रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील मुंबईच्या चमूने कोअरच निवडली. १९५६ मध्ये प्रायोगिक यंत्र सिद्ध झाले, १९६० मध्ये पूर्ण संगणक. त्याची मेमरी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे ८१,९२० बिटांची होती. आजच्या हिशेबाने अवघे १० किलोबाइट! १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले.

७/ याच यंत्राची दुसरी बाजूही पाहावी. गणन करणारे परिपथ सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूबवर उभे होते. १९५४ मध्ये मोठ्या संगणकात ट्रान्झिस्टरची कसोटी लागलेली नव्हती. टिफ्रॅक पूर्ण होईपर्यंत मात्र ट्रान्झिस्टरचे संगणक बाजारात आले आणि यंत्राचा हा भाग जन्मतःच मागल्या पिढीचा ठरला.

८/ १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा ट्रान्झिस्टरचा संगणक आला. त्याची मुख्य मेमरी कोणती होती? फेराइट कोअरच! एकाच यंत्रातील एक निवड चार वर्षांत कालबाह्य झाली, दुसरी टिकून राहिली.

९/ कोअरचे राज्य १९७० पर्यंत अबाधित होते. त्या वर्षी इंटेलची १,०२४ बिटांची ११०३ ही चिप आली आणि आयबीएमने सिस्टिम/३७० मॉडेल १४५ ला अर्धवाहक मेमरी दिली. तिथून पिढी पालटली.

१०/ म्हणून निर्णयापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. आजची मेमरी आपले नेमके कोणते काम अडवते? नवी पिढी अन्यत्र प्रत्यक्ष कामात उतरली आहे का? आणि आपले यंत्र उभे राहीपर्यंत काळ किती पुढे गेलेला असेल? टिफ्रॅकच्या मेमरीने पहिल्या दोहोंना चोख उत्तर दिले; त्याच्या व्हॅक्यूम ट्यूब तिसऱ्यापाशी अडखळल्या.