लेनिनग्राड सिंफनी

सिंफनी क्रमांक ७, सी मेजर (कृतिक्रमांक ६०) ही सोव्हिएत संगीतकार दिमित्री शोस्ताकोविच (१९०६–१९७५) यांची वाद्यवृंदासाठी लिहिलेली रचना असून ती ‘लेनिनग्राड सिंफनी’ या नावाने अधिक परिचित आहे. चार भागांची ही रचना सुमारे सव्वा तास चालते. लेनिनग्राड (आजचे सेंट पीटर्सबर्ग) शहराला ती अर्पण केलेली आहे.

रचना

पहिले तीन भाग लेनिनग्राडमध्येच सप्टेंबर १९४१ अखेर पूर्ण झाले. तोवर शहराला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. ऑक्टोबरमध्ये शोस्ताकोविच यांना विमानाने बाहेर नेण्यात आले. कुइबिशेव (आजचे समारा) येथे त्यांनी डिसेंबरमध्ये शेवटचा भाग लिहिला आणि तेथेच ५ मार्च १९४२ रोजी पहिले वादन झाले.

वाद्ये

या रचनेला असामान्य मोठा वाद्यवृंद लागतो. तंतुवाद्ये, काष्ठवाद्ये, दोन हार्प, पियानो व विविध तालवाद्ये यांखेरीज पितळी वाद्यांचा ताफाच ८ हॉर्न, ६ ट्रंपेट, ६ ट्रॉम्बोन आणि एक ट्युबा एवढा आहे. ही सर्व वाद्ये श्वासाच्या जोरावर वाजतात, हे पुढील हकिकत वाचताना ध्यानात ठेवावयास हवे.

पहिल्या भागातील ‘आक्रमणाचा प्रसंग’ सर्वाधिक प्रसिद्ध आहे. लष्करी पडघमावर अगदी हळू एक ठेका सुरू होतो. त्यावर एक साधी, काहीशी थिल्लर धून आधी तंतुवाद्यांवर, मग बासरीवर येते आणि एकूण बारा वेळा वाजते. धून जवळपास तीच राहते; वाद्ये मात्र वाढत जातात व अखेर कानठळ्या बसतात. रावेल यांच्या ‘बोलेरो’शी असलेल्या या साम्यावर टीकाही झाली, परंतु या कल्लोळानंतर येणारा एकट्या बासूनचा विलाप ऐकला म्हणजे त्या पुनरावृत्तीचे प्रयोजन कळते.

लेनिनग्राडमधील वादन

शहरातील प्रमुख वाद्यवृंद सायबेरियात हलविण्यात आला होता. मागे राहिलेल्या नभोवाणी वाद्यवृंदातील वादक उपासमारीने खंगले होते. काही मरण पावले होते. संचालक कार्ल एलियासबर्ग यांना तालमीसाठी जेमतेम पंधरा वादक मिळाले. फुंकवाद्ये वाजविण्याएवढा दमही अनेकांत नव्हता. वादकांना जादा शिधा देण्यात आला आणि आघाडीवरील लष्करी बँडमधून माणसे बोलाविण्यात आली. स्वरलिपी विमानाने शहरात पोहोचली होती.

९ ऑगस्ट १९४२ रोजी फिलहार्मोनिक सभागृहात संपूर्ण सिंफनी वाजली. तत्पूर्वी सोव्हिएत तोफखान्याने जर्मन तोफांवर भडिमार करून त्या गप्प केल्या होत्या. ध्वनिक्षेपकांवरून हे वादन शहरभर, तसेच शत्रूच्या रेषेपर्यंत ऐकविण्यात आले. वेढा जानेवारी १९४४ मध्ये उठला. पुढे १९६४ साली त्या दिवसाच्या वादकांपैकी हयात असलेल्यांनी एलियासबर्ग यांच्याच संचालनाखाली ही रचना पुन्हा सादर केली.