गळा सुजून, सहा दिवसांत

दौलतराव शिंद्यांच्या छावणीमागोमाग लष्करात आलेल्या घराण्यांत जन्ममृत्यू टिपून ठेवणारी एखादी वही असतेच. नई सडकेवरील आमच्या घरच्या वहीत पणजीबाईंविषयी एवढेच आहे : ‘१९११. वय ४४. दाढ दुखून गळा सुजला, सहा दिवसांत गेली.’ त्याआधीच्या ओळीत त्यांना तहान फार लागे आणि अंग वाळत चालले होते, असे लिहिले आहे.

सरकारी नोंदी वाचण्यात आमची हयात गेली. जुन्या मृत्युनोंदींत ‘ताप’ या एका खात्यात किती आजार दडपले जात, हे आम्ही जाणतो. त्या मानाने घरची वही प्रामाणिक म्हणायची.

या सुजेचे नेमके वर्णन जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ सालीच केले होते. खालच्या मागील दाढांची मुळे जिभेखालच्या स्नायूच्याही खाली पोचतात. तेथला पू हिरडीत न फुटता गळ्याकडे उतरतो, जीभ वर उचलली जाते आणि श्वास कोंडतो. रक्तात साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी मंदावतात. उलट जंतुसंसर्गाने साखर आणखी चढते. दोन्ही दुखणी एकमेकांस खतपाणी घालतात. पणजीबाईंना मधुमेह होता, असा आमचा तर्क आहे. सिद्ध करता येणार नाही.

इन्शुलिन माणसाला प्रथम टोचले गेले ते १९२२ साली, टोरांटोत. पेनिसिलिन सर्रास मिळू लागले दुसऱ्या महायुद्धानंतर. ग्वाल्हेरचे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ चे. त्यामुळे १९७४ साली आमच्या मधुमेही चुलत्यांनी लवंग दाबून, गाल शेकून चार दिवस दवडले, तरी पू काढून व इन्शुलिन देऊन त्यांना वाचवता आले. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. त्यांचा लाकडासारखा टणक झालेला गळा अजून आठवतो.

ही कथा १९७४ सालीच संपली, असे वाटत होते. २०२१ साली करोनातून उठलेल्या मधुमेही रुग्णांना काळ्या बुरशीने गाठले. बुरशी बहुधा नाकावाटे शिरे. पण वरचे दात हलू लागल्याने कित्येक जण आधी दंतवैद्याकडेच गेले. अँफोटेरिसिन मिळेनासे झाले, अनेकांचे वरचे जबडे काढावे लागले. त्या मे महिन्यात केंद्राने हा आजार नोंदवणे बंधनकारक करण्यास राज्यांना सांगितले.

वाचकांच्या घरच्या वह्यांत ‘गळा सुजून’ अशा नोंदी असल्यास वय व सालासह आम्हास अवश्य कळवाव्यात.