निरोपाच्या शालीचं कूळ

करमाळ्यातल्या बँकेतला बिहारचा किंवा केरळचा अधिकारी बदली मिळवून मुलखाकडे निघाला, की संध्याकाळी शटर अर्धं खाली येतं आणि मॅनेजरच्या टेबलावर शाल, श्रीफळ, हार, फेटा मांडला जातो. सोलापूर जिल्हा म्हटल्यावर टॉवेल-टोपी आलीच. फेटा बांधणारा शेमला पाठीवर सोडतो आणि कालपर्यंत कर्जाच्या फायलींत मान घालून बसलेला माणूस फोटोत नवरदेव दिसतो.

हा थाट इंग्रजांच्या ‘सेंड-ऑफ’मधून आला, असं सहसा सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. भाषणं आणि खुर्च्या मांडून काढलेला फोटो इंग्रजी वळणाचा. शाल दरबारातली आहे.

मोगल बादशहा मर्जीतल्या माणसाला पोशाख देई. तीन, पाच, सात अशा नगांवर त्याचा दर्जा ठरे. डोक्यापासून पायापर्यंतचा म्हणून तो सरोपा, आपल्याकडे शिरपाव. पेशवाईत त्याचीच ‘वस्त्रे’ झाली. पद देताना वस्त्रे, मोहिमेवर धाडताना वस्त्रे, आणि परमुलखाचा वकील माघारी निघाला की निरोपाची वस्त्रे. मातबर असेल त्याला काश्मिरी शालजोडी, किनखाब, शिरपेच. शेवटी अत्तर आणि विडा. विडा हातात पडला की पाहुण्याने उठायचं. करमाळ्याला ही भाषा परकी नव्हती. गावचे जहागीरदार रावरंभा निंबाळकर निजामाच्या पदरचे सरदार, आणि त्या जगात सरदाराचा मान अंगावर आलेल्या वस्त्रांवरून कळे.

पण या कापडाला एक अर्थ होता, जो आता पुसला गेलाय. निरोप म्हणजे जायची परवानगी. ती मिळाल्याखेरीज दरबार सोडता येत नसे. आग्र्याला १२ मे १६६६ रोजी शाहजाद्यांना, वजिराला, जसवंतसिंगाला पोशाख मिळाले, शिवाजी महाराजांना नाही. ते संतापून बाहेर आले. मागाहून समजूत काढायला पाठवलेला पोशाख त्यांनी नाकारला, आणि पुढे मागूनही त्यांना घरी जायचा निरोप मिळाला नाही. मग ऑगस्टमध्ये जे झालं ते आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

पुण्याच्या दरबारात १७८६ साली कंपनीचा रेसिडेंट म्हणून चार्ल्स मॅलेट आला आणि १७९७ पर्यंत राहिला. अशा साहेबांनाही वस्त्रे मिळत. गंमत अशी की ती ठेवून घ्यायची मुभा त्यांना नव्हती. कंपनीच्या नियमाप्रमाणे नजराणा तोशाखान्यात जमा व्हायचा आणि तिथून पुढच्या कुणा राजाला भेट म्हणून निघायचा. आजच्या शाली वेगळं काय करतात? घडी न मोडलेली शाल कपाटात जाते आणि पुढच्या सत्काराला बाहेर पडते. एखादी शाल आपल्या मूळ मालकाकडे परत आल्याचं ऐकलं तर मला नवल वाटणार नाही.

सामान्य माणसांनी जमून निरोप द्यायची पद्धत एकोणिसाव्या शतकात रुळली. तिचा सगळ्यात मोठा सोहळा परदेशी माणसासाठीच झाला. लॉर्ड रिपनने देशी वृत्तपत्रांवरचा कायदा उठवला, स्थानिक स्वराज्याचा ठराव आणला आणि इल्बर्ट बिलापायी स्वतःच्याच जातभाईंचा रोष ओढवून घेतला. डिसेंबर १८८४ मध्ये तो मायदेशी निघाला, तेव्हा मुंबईत रस्ते माणसांनी फुलले आणि मानपत्रांची रीघ लागली. राजाने चाकराला निरोप द्यायचा ही रीत इथे उलटी झाली. प्रजाच राज्यकर्त्याला निरोप देऊ लागली. मग मामलेदार, हेडमास्तर, पोस्टमास्तर, सगळ्यांच्याच बदलीला पानसुपारी, हारतुरे आणि भाषणं सुरू झाली. भाषणांत शालजोडीतले देणारे तेव्हाही असणारच.

नारळ या सगळ्यात वेगळा. तो घरचा, लेकीच्या ओटीतला. सासरी निघालेल्या लेकीला कुंकू लावून तो देतात, आणि कुंकवाला या तालुक्याला बाहेर बघावं लागत नाही. केमचं कुंकू प्रसिद्धच आहे. आता तो ऑफिसात शालीशेजारी बसला खरा, पण तिथे त्याची थोडी बदनामी झाली. ‘साहेबांनी त्याला नारळ दिला’ याचा अर्थ वेगळा सांगायला नको. म्हणून असेल, शहाणे सहकारी नारळाच्या जोडीला शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं पुडकं देतात. जेऊरहून निघालेल्या माणसाला दोन दिवसांच्या रेल्वे प्रवासात तेच कामी येतं.

परवानगीचा भाग मात्र कापडावरून कागदावर गेलाय. कार्यमुक्तीचा आदेश हातात पडेपर्यंत शाल कितीही भारी असो, माणूस सुटत नाही. शनिवारी डोळे पुसत भाषण केलेला अधिकारी सोमवारी त्याच खुर्चीत बसलेला सापडतो, कारण त्याच्या जागी यायचा माणूस अजून रुजू झालेला नसतो. खातेदार विचारतात, ‘साहेब, तुम्ही गेला होता ना?’ आणि साहेब पासबुकासाठी हात पुढे करतात.