रविवारचा फ्रेंच टोस्ट, सोमवारचा दवाखाना : ३२ तासांचा घटनाक्रम

वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव. मे महिना, शाळांना सुट्ट्या. मामाकडे भाचे मंडळी आली आहेत आणि रविवारी लोणारचं सरोवर बघायला जायचं ठरलं आहे. सोबत न्यायला काय करायचं, यावर घरात एकमत झालं आहे : फ्रेंच टोस्ट. मुलांना आवडतो, झटपट होतो, डब्यात नेता येतो.

सोमवारी मध्यरात्रीनंतर एक वाजता याच घरातली दोन मुलं तापाने फणफणलेली असतील. हे घर आणि ही माणसं उदाहरणादाखल घेतली आहेत. त्यांच्या हातून होणाऱ्या चुका मात्र आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरात रोज होतात. ज्या चुकीने टोस्ट लिबलिबीत होतो, बहुतेक वेळा त्याच चुकीने तो पोटाला बाधतो. म्हणून हा घटनाक्रम तासातासाने पाहू.

शनिवार, सायंकाळी ५ वाजता (३२ तास आधी)

मामी बाजारातून अंडी आणि ब्रेड घेऊन येते. अंड्यांचे ट्रे दुकानाबाहेर दुपारभर उन्हात होते. घरी येईपर्यंत एका अंड्याला तडा गेला आहे. आजी पिशवीत डोकावून म्हणते, "फुटकं अंडं काऊन ठेवलं वं? टाकून दे थे." मामी म्हणते, "उद्या सकाळीच तर लागतात, आई."

आजीचं बरोबर आहे. तडा गेलेल्या अंड्यात बाहेरची घाण थेट शिरते. ते टाकूनच द्यायचं. पण अखंड अंडंही पूर्ण निर्धोक नसतं. साल्मोनेला हा जिवाणू कोंबडीच्या अंडाशयातून अंड्यात, कवच तयार होण्याआधीच पोहोचू शकतो. १९८८ च्या डिसेंबरात ब्रिटनच्या आरोग्य खात्यातल्या मंत्री एडविना करी यांनी देशातल्या बहुतेक अंड्यांच्या उत्पादनात साल्मोनेला असल्याचं विधान केलं. मोठा गदारोळ झाला आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. विधान अतिरंजित होतं, पण प्रश्न खरा होता. पुढे तिथे कोंबड्यांचं लसीकरण मोठ्या प्रमाणावर झालं, तेव्हा प्रादुर्भाव आटोक्यात आला. दिसायला स्वच्छ अंड्यातही जिवाणू असू शकतो, हे आपण त्यातून घ्यायचं. पाण्यात अंडं तरंगतं की बुडतं यावरून त्याचं वय कळतं, जिवाणू कळत नाही.

दुसरी चूक ब्रेडची. मामीने आग्रहाने आजचा, मऊ लुसलुशीत ब्रेड आणला आहे. फ्रेंच टोस्टला तो चालत नाही. ताज्या ब्रेडमध्ये आधीच ओल असते, तो मिश्रण नीट धरून ठेवत नाही आणि भिजला की लगदा होतो. कालचा, किंचित कोरडा पडलेला ब्रेड मिश्रण शोषतो आणि आकारही राखतो. अपिकियस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन रोमन पाककृतींच्या संग्रहातही दुधात भिजवून तळलेल्या आणि वर मध घातलेल्या पावाची कृती आहे. उरलेला पाव सत्कारणी लावण्यासाठी घरोघरी टिकून राहिलेला हा पदार्थ आहे. ताजाच ब्रेड हाताशी असेल तर त्याच्या चकत्या रात्री जाळीखाली मोकळ्या पसराव्यात, किंवा कोऱ्या तव्यावर मंद आचेवर जराशा सुकवून घ्याव्यात.

शनिवार, रात्री ११ वाजता (२६ तास आधी)

सकाळी घाई नको म्हणून मामी रात्रीच मिश्रण करून ठेवते. सहा अंडी, साखर आणि जवळजवळ एक लिटर दूध. फ्रीज आमरसाने आणि पाण्याच्या बाटल्यांनी भरला आहे. म्हणून मिश्रणाचा गंज ओट्यावरच जाळीखाली राहतो. "रात्रभराचा तर प्रश्न आहे."

हीच या घटनाक्रमातली सर्वांत घातक चूक.

विदर्भात मे महिन्यात दिवसा पारा चाळिशी ओलांडतो आणि तापलेल्या भिंती रात्रभर उष्णता सोडत राहतात. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस हा अन्नातल्या जिवाणूंच्या वाढीचा पट्टा मानला जातो. नाशवंत अन्न या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासापेक्षा जास्त नाही, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. आपल्या उन्हाळ्याला एक तासाचाच नियम लागू होतो. मिश्रणाचा गंज ओट्यावर सात तास राहणार आहे.

या सात तासांत काय होतं? अनुकूल तापमानात साल्मोनेला साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. या गतीने एका जिवाणूचे तीन तासांत ५१२ आणि सहा तासांत अडीच लाखांवर होतात. प्रत्यक्षात सुरुवातीला वाढ संथ असते, त्यामुळे आकडा कमी भरेल. पण दूध, अंडी आणि ऊब हे तिन्ही एकत्र मिळाल्यावर वाढ थांबत नाही. अंडं कवचात असताना त्याच्या पांढऱ्या भागात जिवाणूंना रोखणारे घटक असतात. अंडं फोडून, पिवळ्या बलकासकट फेटून दुधात मिसळलं की ते संरक्षण जवळजवळ संपतं. शिवाय एका अंड्यातला जिवाणू आता सहाही अंड्यांत, म्हणजे सगळ्यांच्या वाट्याला पसरलेला असतो.

सकाळी मामी मिश्रणाचा वास घेऊन पाहील. वास येणार नाही. साल्मोनेला अन्नाला ना वास आणतो, ना चव, ना रंग.

रविवार, सकाळी ६ वाजता (१९ तास आधी)

मिश्रणाचे दोन भाग होतात. एक गोड, दुसरा तिखट. तिखटात हिरवी मिरची, मीठ, कांद्याचे जाडसर तुकडे आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर.

इथे दोन चुका आहेत. पहिली प्रमाणाची. एका अंड्याला पाव वाटी, म्हणजे साधारण ६० मिलिलिटर दूध पुरतं. इथे पाहुणे वाढले म्हणून दूध वाढलं आणि अंड्यामागे दीडशे मिलिलिटरच्या वर गेलं. टोस्टला आतून बांधून ठेवतं ते अंड्यातलं प्रथिन. ते असं पातळ झालं की मधला भाग नीट आळत नाही, ओलाच राहतो. माणसं वाढली तर अंडीही वाढवावीत.

दुसरी चूक कांद्याची. जाड तुकडे ब्रेडला तव्यावर टेकू देत नाहीत. तिथे खाली पोकळी राहते आणि तेवढा भाग कच्चा राहतो. मीठ आधी घातल्यामुळे कांद्याला पाणी सुटतं ते वेगळंच. कांदा अगदी बारीक चिरावा आणि मीठ तव्यावर टाकायच्या क्षणी घालावं.

रविवार, सकाळी ६:३० वाजता (साडेअठरा तास आधी)

एकीकडे तवा तापतो आहे, दुसरीकडे मोठी भाची ब्रेड भिजवते आहे. "मुरू दे चांगलं," असं तिला सांगितलं आहे. म्हणून पाच-सहा चकत्या ताटात एकावर एक, मिश्रणात बुडून पडल्या आहेत. उचलायला गेलं की तुटतात.

बाजारात मिळणाऱ्या पातळ सँडविच ब्रेडला एका बाजूने चार-पाच सेकंद पुरतात. घरी कापलेली जाड, शिळी चकती असेल तर पंधरा-वीस सेकंद. भिजवायचं ते एकेक, आणि उचलल्यावर जास्तीचं मिश्रण निथळू द्यायचं. चकतीत जितकं पाणी जास्त, तितका तिचा गाभा तापायला वेळ जास्त लागतो. तव्यावर तेवढा वेळ कोणी देत नाही.

रविवार, सकाळी ६:४५ वाजता (सव्वाअठरा तास आधी)

गाडी आठला निघायची आहे. आच मोठी होते. तव्यावर एकाच वेळी चार चकत्या दाटीवाटीने बसतात. मिश्रणात साखर भरपूर आहे, त्यामुळे मिनिटभरात सुरेख तांबूस रंग येतो. "झाला," म्हणून टोस्ट उतरतो.

रंगाने इथे सगळ्यांना फसवलं आहे. तांबूसपणा पृष्ठभागावर, साधारण १४० अंशांच्या आसपास येतो आणि साखर जास्त असेल तर फार लवकर येतो. गाभ्याचं तापमान त्या वेळी कितीतरी खाली असतं. अंडं घातलेला पदार्थ आतून ७१ अंशांपर्यंत पोहोचला की साल्मोनेला मरतो. रात्रभर उबेत राहिलेलं, पातळ, जाड कांद्याचं मिश्रण, जास्त भिजलेला ताजा ब्रेड आणि मोठी आच : एवढं सगळं एकत्र आल्यावर गाभा तिथवर पोहोचत नाही. आतापर्यंतच्या चुकांना आवर घालायची ही शेवटची संधी होती.

तवा मध्यम आचेवर तापू द्यावा. दोन चकत्यांपेक्षा जास्त घालू नयेत, कारण दाटी झाली की तवा थंडावतो आणि ब्रेड तेल पितो. लोणी लवकर करपतं, तूप आच सोसतं. दोन्ही बाजूंना दोन-तीन मिनिटं द्यावीत, जाड चकतीवर मधे मिनिटभर झाकण ठेवावं. मग सराट्याने, म्हणजे उलथन्याने, मधोमध दाबून बघावं. ओल बाहेर आली, सराटा रुतला तर आत कच्चं आहे. टोस्ट हलकासा फुगून परत वर आला तर झाला. साखर मिश्रणात कमी, खाताना वरून जास्त, हे सूत्र ठेवलं तर रंग फसवत नाही.

आणखी एक चूक याच क्षणी होते. ज्या ताटात कच्च्या चकत्या भिजत होत्या, त्याच ताटात भाजलेले टोस्ट ठेवले जातात. कच्चं उलटायला वापरलेलाच सराटा ते उतरवायलाही. टोस्टमधले जिवाणू शिजून मेले, तरी ताटातले आणि सराट्यावरचे जिवंत जिवाणू अशा रीतीने पुन्हा टोस्टवर चढतात. ताट वेगळं हवं.

रविवार, सकाळी ७:१५ वाजता (पावणेअठरा तास आधी)

वाफाळते टोस्ट एकावर एक रचून स्टीलच्या डब्यात भरले जातात आणि डबा घट्ट बंद होतो. वाफेचं पाणी होतं, टोस्ट लिबलिबीत होतात. बंद, गच्च डब्यात मधले टोस्ट कितीतरी वेळ कोमट राहतात, म्हणजे जिवाणूंना हवं तसंच. टोस्ट जाळीवर मोकळे गार करायचे असतात. आणि मे महिन्यात दुपारपर्यंत न्यायचे तर फ्रेंच टोस्ट न्यायचाच नसतो. त्यासाठी पोळी-चटणी आहे, दशम्या आहेत, कोरडा चिवडा आहे. आपल्याकडे शिदोरीचे पदार्थ कोरडे असतात, त्यामागे हाच अनुभव आहे.

रविवार, दुपारी १ वाजता (१२ तास आधी)

मेहकरमार्गे लोणारला पोहोचून, सरोवर बघून, सगळे झाडाखाली बसतात. डबा सकाळपासून गाडीत होता. मुलं भुकेली आहेत. टोस्ट ओले लागतात, पण दोन सोडले तर सगळे संपतात.

रविवार, सायंकाळी ५ वाजता (८ तास आधी)

सगळे घरी परततात. कोणालाही काही झालेलं नाही. उरलेले दोन टोस्ट तव्यावर जरासे गरम करून आजीच्या चहासोबत दिले जातात. "गरम केलं की सगळं मरतं" हा समज धोक्याचा आहे. वरवर गरम केल्याने गाभा तापत नाही. आणि हातावरून अन्नात जाणाऱ्या स्टॅफिलोकोकस जिवाणूचं विष एकदा तयार झालं की उकळूनही नष्ट होत नाही. वृद्ध, लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि आधीपासून आजारी असलेल्यांना तर असा उरलेला टोस्ट देऊच नये.

सोमवार, रात्री १ वाजता

धाकट्या भाच्याला थंडी वाजून ताप येतो. पोटात कळा, उलट्या, मग जुलाब. अर्ध्या तासात त्याची बहीणही उठते. साल्मोनेलाची लक्षणं साधारण सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कधीही दिसू शकतात. म्हणूनच लोक उन्हाला, प्रवासाला, बाहेरच्या पाण्याला दोष देतात. टोस्टकडे कोणाचं लक्ष जात नाही.

यानंतरचा प्रत्येक तास पाण्याचा असतो. ओआरएसचं पाकीट उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात विरघळवावं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहावं. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी अशाच साध्या द्रावणाने पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले होते. मुलांना जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या आणि उरलेली अँटिबायोटिक्स स्वतःच्या मनाने देऊ नयेत. शौचात रक्त, उतरत नसलेला ताप, सहा तासांत लघवी न होणं, मूल सुस्त पडणं, यांपैकी एकही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठावा. तान्हं बाळ आणि वृद्ध असतील तर लक्षण दिसताच.

हाच रविवार असाही गेला असता : ब्रेड आदल्या दिवशीचा, फुटकं अंडं कचऱ्यात, मिश्रण सकाळी तवा तापत असताना केलेलं, अंड्याला पाव वाटी दूध, काही सेकंदांचं भिजवणं, मध्यम आच, कच्च्या-शिजलेल्याला वेगळं ताट, आणि सगळ्यांनी घरीच गरम खाल्लेला नाश्ता. डब्यात मात्र दशम्या. यासाठी एक पैसाही जास्त लागत नाही, सकाळची पंधरा मिनिटं लागतात. या उन्हाळ्यात मुलांसाठी फ्रेंच टोस्ट जरूर करा. मिश्रण रात्री करू नका, रंगावर विश्वास ठेवू नका, आणि तव्यावरून उतरलेला टोस्ट तासाभरात संपवा.